काळी पाच, पांढरी दोन

सप्टेंबरात शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल नसेल, धाकटीच्या दप्तरातून एक पिवळा कागद निघाला, चुरगळलेला, एका कोपऱ्याला केळं लागलेलं. चौथीच्या मुलांना आता स्ट्रिंग्ज शिकता येईल, व्हायोलिन, व्हियोला, चेलो, डबल बास, ह्यातलं एक निवडा. त्याच दिवशी मोठ्या मुलाच्या शाळेतून मेल, सहावीला बँड. दोन्हीकडे एक वाक्य सारखंच होतं की आधी काही शिकलेलं असायची गरज नाही. मी तो कागद उलटापालटा करून बघितला, म्हणलं कुठेतरी बारीक अक्षरात ऑडिशनची तारीख असणारच. नव्हती. नाव द्यायचं, वाद्य भाड्याने आणायचं आणि यायचं. बास.

हे मला पचायला वेळ लागला आणि त्याला कारण मिरज.

मी मिरजेची. हे सांगितलं की गाण्यातली माणसं एकदम सरसावून बसतात, अरे वा, मग गाता का तुम्ही? नाही गात. आमच्या गावात सतारमेकर गल्ली आहे, पूर्वी हत्यारं घडवणारे शिकलगार पुढे सतारी-तानपुरे घडवायला लागले ती गल्ली, दुकानांच्या माळ्यावर पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे वाळत टांगलेले असतात, आणि २०२४ मध्ये तर मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब, त्यांची कबर मिरासाहेबांच्या दर्ग्यात आहे, उरुसाला मोठेमोठे लोक येऊन तिथे गाऊन जातात. अशा गावात वाढलेली मी, आणि आठवीत गॅदरिंगच्या समूहगीताला बाईंनी मला तिसऱ्या रांगेत सरकवलं आणि हळूच सांगितलं, तू नुसते ओठ हलव. रागाने नाही हां, प्रेमानेच सांगितलं. मी हलवले. पुढची दोन वर्षं हलवले. इतके छान हलवले की आईला शेवटपर्यंत कळलं नाही.

घरीही वेगळं काही नव्हतं. आमच्याकडे आत्याला गळा होता. बाबांना गळा नव्हता, म्हणून मलाही नाही, असं एकदा ठरलं की ठरलं. ज्याला गळा आहे त्याने गायचं, बाकीच्यांनी सतरंजीवर बसून मान हलवायची आणि मध्यंतरात चहा फिरवायचा. मला ह्यात काही अन्याय वगैरे वाटायचा नाही, जग असंच असतं असं वाटायचं.

तर त्या पिवळ्या कागदानंतरच्या गुरुवारी संध्याकाळी आम्ही चौघं शाळेच्या जिममध्ये. आम्ही मिशिगनमध्ये राहतो, डेट्रॉइटच्या बाजूच्या उपनगरात, इथे अशी एक संध्याकाळ असते की सगळी वाद्यं टेबलांवर मांडलेली असतात आणि मुलांनी ती हाताळून बघायची. जत्राच ती. एका बाजूला ट्रंपेटवर लालबुंद तोंडं करून फुंकणारी पोरं, एका बाजूला बाप माणसंच ट्रॉम्बोनची नळी पुढेमागे करून बघतायत, मधे एक मावशी हातात जंतुनाशकाची बाटली घेऊन प्रत्येक फुंकणीनंतर तोटी पुसतायत. मोठ्याला ड्रम्स हवे होते. अर्ध्या शाळेला ड्रम्स हवे होते. मग सॅक्सोफोन म्हणाला, तर बँडच्या सरांनी त्याचे ओठ बघितले, बोटं बघितली, बाजारात भेंडी बघतात तशी, आणि म्हणाले की तू क्लॅरिनेट घे, क्लॅरिनेट आला की सॅक्सोफोन नंतर सोपा जातो. (हे ते प्रत्येकाला सांगतात हे नंतर कळलं, कारण क्लॅरिनेटला पोरं कमी पडतात.) धाकटी मात्र कुणाला काही न विचारता सरळ चेलोपाशी, म्हणजे गुडघ्यांच्या मधे धरून वाजवायच्या त्या मोठ्या व्हायोलिनपाशी, जाऊन उभी राहिली. तिच्या कपाळापर्यंत यायचं ते वाद्य. नवरा म्हणाला, अगं व्हायोलिन घे, गाडीत मावेल. तिने उत्तर दिलं नाही.

भाड्याची भानगड वेगळीच आहे. दुकानवाले तिथेच कोपऱ्यात फॉर्म घेऊन बसलेले. महिन्याला क्लॅरिनेटचे पंचवीस-तीस डॉलर, चेलोचे त्याहून थोडे जास्त, वर मोडतोडीचा विमा, आणि बरीच वर्षं भाडं भरलं की वाद्य तुमचं. चेलो स्कूलबसमधून न्यायचा नाही, त्यामुळे शाळेत शाळेचा चेलो आणि घरी भाड्याचा. मुलं वाढतात म्हणून चेलो पाव, अर्धा, पाऊण असा मापात मिळतो, चपलेसारखा, आणि वाढला की बदलून घ्यायचा. आम्हाला अर्धा मिळाला.

मी नंतर हा सगळा प्रकार आला कुठून ते शोधत बसले, मला असा नाद आहे. तर पहिल्या महायुद्धानंतर इथल्या वाद्य बनवणाऱ्या कंपन्यांची पंचाईत झाली, लष्करी बँडच्या ऑर्डरी संपल्या, गावोगाव फिरणारे धंदेवाईक बँडही ओसरायला लागले होते. मग त्यांनी शाळा धरल्या. १९२३ मध्ये शिकागोला शाळांच्या बँडची देशपातळीवरची पहिली स्पर्धा झाली ती ह्या वाद्यवाल्यांच्याच पुढाकाराने. त्याच वर्षी जोसेफ मॅडी आणि थॅडियस गिडिंग्ज अशा दोन शिक्षकांनी एक पद्धत पुस्तकरूपात काढली, की तारांची, फुंकायची, सगळी वाद्यं एकाच वर्गात एकाच वेळी शिकवता येतील, आणि ते पुस्तक छापलं कुणी तर इंडियानातल्या एल्खार्टच्या वाद्यकंपनीने. हे मॅडी पुढे आमच्याच मिशिगनमध्ये आले, १९२८ मध्ये त्यांनी वर उत्तरेला इंटरलॉकनला शाळकरी पोरांच्या ऑर्केस्ट्राचा उन्हाळी कॅम्प काढला, दोन तळ्यांच्या मधे, तो अजून चालू आहे. आणि हप्त्यावर वाद्य हा प्रकार त्याच्याही आधीचा. इंग्लंडात मेडस्टन नावाच्या गावात १८९० च्या दशकाच्या शेवटी शाळेतल्या पोरांना घाऊक व्हायोलिन शिकवायला सुरुवात झाली, तिथेही कंपनी व्हायोलिन द्यायची आणि पालक आठवड्याला चार पैसे भरायचे.

हे मी बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, म्हणजे धंदाच की. म्हणलं हो, धंदाच. पण बघा ना, त्या धंद्याला गिऱ्हाईक भरपूर हवं होतं, म्हणून गळा बघत बसणं त्यांना परवडणारं नव्हतं.

गोव्याची एक मैत्रीण आहे मंडळातली, तिला मी हे कौतुकाने सांगत होते तर ती म्हणाली, ह्यात अमेरिकेचं काय एवढं, आमच्याकडे पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळेत गावातल्या पोरांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवायचे. खरंच की. मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात इतके गोवेकर कुठून आले मग. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल व्हायोलिन शिकले, ते त्याच मातीतले. मी मिरजेत बसून ओठ हलवत होते आणि दोन-अडीचशे किलोमीटरवर कोकणी पोरं नोटेशन वाचत होती.

ऑक्टोबरात बाबा आले, सहा महिन्यांसाठी. आई गेल्यापासून ते हिवाळ्यात इकडे येतात, लोक उलटं करतात पण त्यांना बर्फ आवडतो. रेल्वेत होते, मिरज जंक्शनला, आणि ड्यूटी संपली की घरी यायच्या आधी सतारमेकर गल्लीत एखाद्या दुकानात तासभर बसायचे. गाणारे नाहीत, वाजवणारे नाहीत, नुसते बसणारे. चहा पिणार, तानपुऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारा गुंजाव्यात म्हणून घोडी घासताना, कारागीर काय करतो ते बघणार, चार शब्द बोलणार, उठणार. तीस-पस्तीस वर्षं हे केलंय त्यांनी.

आल्या आल्या दुसऱ्या दिवशी जेट लॅगमध्ये सोफ्यावर पेंगत होते आणि आतून आमच्या मोठ्या मुलाने क्लॅरिनेट फुंकला. शिकाऊ क्लॅरिनेट ज्यांनी ऐकला नाही त्यांना कसं सांगू. खाली जाड, जरा बरा आवाज येत असतो आणि मधेच शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी एक किंकाळी. बाबा खाडकन उठून बसले, म्हणाले, वरात कुणाची?

मग रीतसर तपासणी झाली. पाच तुकडे जोडून ते वाद्य होतं, जोडायच्या आधी बुचाला लावायचं ग्रीस लिपस्टिकसारख्या कांडीत येतं, आणि तोंडाशी एक पातळ पत्ती बांधायची, रीड. बाबांनी ती उजेडात धरून बघितली. बोरूच की हा, म्हणाले. आणि ते अगदी बरोबर होतं, त्याच जातीचं ते गवत, चांगल्यापैकी रीड दक्षिण फ्रान्समधल्या त्या गवताचे करतात. सनईच्या जिभाळीला दोन पात्या असतात, ह्याला एकच, तेवढा फरक. मोठ्याने पहिल्या आठवड्यात तीन रीड दाताने चेचले. बाबांनी त्याला सांगितलं, चावू नकोस रे, सुपारी आहे का ती.

चेलोबद्दल मात्र ते गप्प झाले. बराच वेळ नुसतं बघत होते. मग एकेकाची नावं घेतली, ही घोडी, ह्या खुंट्या, हा गज. धाकटी म्हणाली, ब्रिज, पेग्ज, बो. असं बराच वेळ चाललं, ती इंग्रजीत, ते मिरजेच्या भाषेत, कुणीच माघार घेईना. रोझिनची वडी बघून म्हणाले, राळ. ती म्हणाली, आजोबा तू सगळ्याला वेगळंच काहीतरी म्हणतोस. पण तेव्हापासून आमच्या घरात रोझिनला राळच म्हणतात. शाळेतही तिने एकदा म्हणून टाकलं.

आठवड्याला शंभर मिनिटं रियाज आणि त्याचा तक्ता, खाली पालकाची सही. पहिला महिना मी इमानदारीत घड्याळ लावायचे. नंतर नंतर रविवारी रात्री गाडी साठाच्या आसपास अडकलेली असायची आणि मोठा म्हणायचा, आई, करून टाक ना. केलीय मी, दोनदा, खोटं कशाला बोलू. मग सहीचं खातं बाबांकडे गेलं आणि तो मार्ग बंद झाला. रेल्वेचा माणूस, रजिस्टर म्हणजे रजिस्टर. साठ असतील तर साठ लिहायचे आणि खाली मराठीत वळणदार सही.

डिसेंबरात कार्यक्रम झाला. पांढरा शर्ट, काळी पँट, सत्तर एक पोरं जिममधल्या फोल्डिंगच्या खुर्च्यांवर. पहिला आयटम म्हणजे सगळ्यांनी बोट न लावता नुसती मोकळी तार गजाने ओढायची, रे ची (म्हणजे डी) मग ध ची (म्हणजे ए) मग परत रे ची, मागे सीडीवर ढिंच्याक काहीतरी वाजत असतं त्यामुळे गाण्यासारखं वाटतं. दुसरा आयटम तीन सुरांचा. एकूण अकरा मिनिटं. गज वर जायचे तेव्हा अर्धे खाली येत होते, एक पोरगा व्हायोलिन खाली ठेवून नाक शिंकरून परत सामील झाला. मी कसनुशी होऊन बाबांकडे बघितलं, खाँसाहेबांच्या गावचा माणूस, काय वाटत असेल. ते पुढे वाकून ऐकत होते. म्हणाले, बेसूर आहेत गं, पण थांबतायत बघ कशी एकदम.

जानेवारीत चेलो पडला. म्हणजे वाद्य जागेवरच होतं, आम्ही चार दिवस शिकागोला गेलो होतो आणि इकडे हीटिंगने घरातली हवा पापडासारखी कोरडी झाली, खुंट्या आक्रसून सुटल्या, तारा सैल आणि घोडी आडवी. धाकटी रडायला लागली की मोडला. घोडी चिकटवलेली नसतेच, नुसत्या तारांच्या दाबावर उभी असते, हे मला तेव्हा कळलं. बाबांनी चष्मा लावला, घोडीचे पाय आधी हाताने पुसले, उभी केली, मग एकेक खुंटी आत दाबत दाबत थोडी थोडी पिळत गेले, ही थोडी मग ती थोडी, एकदम एकच ताणायची नाही म्हणाले, घोडी तोंडावर येते. मधे मधे ती मागेपुढे झुकते का ते बाजूने डोळा लावून बघायचे, सुतार फळी बघतो तसं. तासभर लागला. शाळेतल्या बाईंनी नंतर दुसऱ्या कामासाठी बघितला तेव्हा म्हणाल्या, छान बसवलीय, कुठल्या दुकानात केली? वाद्याला हात लावायची बाबांची ती पहिली वेळ होती. पस्तीस वर्षं बघितलेलं. मी विचारलं, तिकडे कधी करू दिलं नाही का कुणी? म्हणाले, मीच कधी मागितलं नाही.

आता मुख्य गोष्ट. फेब्रुवारीत एक दिवस बर्फामुळे शाळा बंद, पहाटे पाचलाच मेसेज आला. दहा वाजेपर्यंत दोघांचं दोनदा भांडण झालेलं. मग मोठ्याने क्लॅरिनेट काढला आणि हॉट क्रॉस बन्स लावलं. इथल्या प्रत्येक शिकाऊ पोराचं ते पहिलं गाणं, तीन सूर, आपल्या भाषेत ग रे सा, ग रे सा, सा सा सा सा रे रे रे रे, ग रे सा. संपलं. धाकटीला चेलोवर तेच येत होतं, तिने मधेच सुरू केलं. आणि जे काही निघालं ते ऐकून मी कणकेच्या हातानेच बाहेर आले. तू चुकीचं वाजवतेयस. तू चुकीचं वाजवतोयस. दोघांनी आपापली पुस्तकं आणून दाखवली. दोघंही बरोबर.

नवऱ्याची एक पेटी आहे, गणपतीत आरतीला बाहेर येते, मधल्या सप्तकातला एक स्वर गेलेला. बाबांनी ती काढायला लावली. वाजवता येत नाही त्यांना, पण कुठली पट्टी कुठे हे पाठ, दुकानात दिवसभर तेच बोलणं. म्हणाले, एकेकाने सा द्या. मोठ्याने दिला. बाबा पेटीवर हुडकत हुडकत गेले, थांबले, काळी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी, इंग्रजीत बी फ्लॅट. धाकटीने दिला, पांढरी दोन, म्हणजे डी. असंय होय, म्हणाले, अरे ग रे सा दोघांचं बरोबर आहे, पट्टी वेगळी आहे. एक काळी पाचमधे गातोय, एक पांढरी दोनमधे, मग भांडण नाही तर काय होणार.

मोठा ऐकेना. त्याच्या पुस्तकात तो सूर सी म्हणून लिहिलेला होता, बी फ्लॅट नाही. आता ही क्लॅरिनेटची खोडच आहे की कागदावर सी लिहायचं आणि वाजवलं की ऐकू येणार बी फ्लॅट, ट्रंपेटचंही तेच, आणि बँडच्या सरांनी हे सांगितलेलं होतं पण ह्याच्या डोक्यावरून गेलेलं. बाबा म्हणाले, कागदावर काही का लिहिना, वाजतंय काळी पाच. तो दोन मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, ओह, म्हणून सर कॉन्सर्ट बी फ्लॅट म्हणतात. बँडची नळ्यांची वाद्यं बी फ्लॅटवर सुखी असतात म्हणून त्यांची पुस्तकं तिथून सुरू होतात, आणि तारवाल्यांना डी आणि ए मोकळ्या तारांवर मिळतात म्हणून त्यांची डी मेजरपासून. एकाच घरात भाऊबहीण, पहिलं गाणं एकच, आणि एकत्र वाजवायची सोय नाही. ह्यावर कुणी विचार केला नव्हता का हो, की ज्यांना दोन मुलं आहेत त्यांनी काय करायचं.

आता सरकायचं कुणी. मोठा पांढरी दोनमधे गेला तर त्याला असे दोन सूर लागणार होते जे अजून झालेच नव्हते. मग धाकटी काळी पाचमधे. ग तिला मोकळ्या तारेवर मिळाला. रे शेजारच्या जाड तारेवर चौथ्या बोटाने, तो येत होता. सा मात्र दुसऱ्या बोटावर, आणि दुसरं बोट त्यांना शिकवलंच नव्हतं. चेलोच्या बोटं ठेवायच्या पट्टीवर बाईंनी पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या चिकटपट्ट्या लावून दिलेल्या, दुसऱ्याच्या जागी नुसता काळा लाकडाचा भाग. ती म्हणाली, इथे टेप नाही, इथे काही नाहीचे.

बाबा खाली सतरंजीवर पेटी घेऊन बसलेले. त्यांनी काळी पाच दाबून धरली आणि भाता हलवत राहिले. बघू नको, ऐक, म्हणाले. तिने बोट ठेवलं, गज ओढला, दोन आवाज एकमेकांवर घासायला लागले, व्हॉंव व्हॉंव व्हॉंव अशी एक थरथर. सरकव. बोट वर गेलं, थरथर वाढली. उलटीकडे. ती जीभ बाहेर काढून, डोळे छताकडे, बोट केसाकेसाने सरकवत होती आणि ती थरथर मंद मंद होत गेली, व्हॉं...व, व्हॉं......व, आणि एका ठिकाणी नाहीशीच झाली. म्हणजे दोन आवाज होते तिथे एकच उरला, आणि जरा मोठा झाला. पेटीचा कुठला आणि चेलोचा कुठला, सांगता येईना. तिने बोट तसंच दाबून ठेवलं आणि ओरडली, कुणीतरी खूण करा, लवकर!

घरात पेन्सिल कधी सापडते का. मी आत गेले, ड्रेसिंग टेबलवरचं टिकल्यांचं पाकीट उचललं, सगळ्यात बारीक लाल टिकली काढली आणि तिच्या बोटाखाली, तारेच्या बाजूला, लावली. कणीक लागली थोडी.

मग झालं. ग रे सा, क्लॅरिनेट आणि चेलो, काळी पाचमधे, बाबांचा नुसता सा धरलेला, तानपुऱ्यासारखा. किंकाळ्या फक्त दोन. परत, परत, दुपारपर्यंत तेच. त्या आठवड्याच्या तक्त्यात बाबांनी एकशे नव्वद मिनिटं लिहिली.

मंडळात ही गोष्ट पसरली, आणि व्हायचं तेच झालं, पुढच्या गणपतीत सुखकर्ता बसवा ना चेलोवर. धाकटी म्हणाली नाही. का? म्हणे, तेव्हा सगळे मोबाईल वर करतील. मी आग्रह केला नाही.

मार्चमधे तिच्या शाळेत पालकांची संध्याकाळ होती. आम्हाला वाटलं नेहमीसारखं बसून टाळ्या वाजवायच्या. तर बाईंनी सांगितलं, मुलांनो, उठा, तुमच्या जागेवर आईला नाहीतर बाबाला बसवा आणि शिकवा. पंधरा मिनिटांनी पालकांचा कार्यक्रम. माझ्या पोटात गोळा. चौथीच्या मुलांच्या खुर्चीत, गुडघ्यांच्या मधे शाळेचा चेलो, समोर माझी मुलगी हाताची घडी घालून. अंगठा वाकव. कोपर. आई, खांदे खाली घे, तू चिडल्यासारखी बसलीयेस. आसपास दोंद सावरत बसलेले बाप, एक आजी ऑक्सिजनची नळी लावून व्हायोलिन धरून बसलेल्या, बाबा मागे भिंतीशी उभे.

बाईंनी हात वर केला, एक दोन तीन चार, आणि चाळीस पालकांनी रे ची मोकळी तार ओढली. भयानक आवाज होता. मीही गज ओढत होते, बरोबर वेळेवर, मान थोडी तिरकी, चेहऱ्यावर भाव वगैरे. दुसऱ्या ओळीत धाकटी माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, आई, तू खरं वाजवत नाहीयेस.

खरंच नव्हते. गज तारेच्या वर केसभर होता. मी तो तिथे ठेवलाय हे मलाच माहीत नव्हतं.

तिने माझं मनगट धरलं आणि खाली दाबलं. तार जी काय कचकन ओरडली, पुढच्या रांगेतला माणूस वळून बघायला लागला. ती म्हणाली, हां, आता. आणि मनगट सोडलं नाही, शेवटपर्यंत.

गाडीत बाबा म्हणाले, तुझा एक आवाज वेगळा येत होता गं. म्हणलं, वाईट? म्हणाले, वेगळा येत होता.

एप्रिलमधे ते मिरजेला परत गेले. तिकडून व्हिडिओ कॉलवर असतात, गल्लीतल्या दुकानातून कधीकधी, मागे अर्धा घडवलेला तानपुरा दिसतो. मध्यंतरी सांगत होते की कारागीराकडून खुंटी तासायला शिकतोय, शिकतोय म्हणजे नुसतं बघतोय असं नाही, हातात घेऊन. वयाच्या बहात्तराव्या वर्षी. बोटाला पट्टी होती.

मोठ्याचं सांगता येत नाही. सातवीला त्याने बँड ठेवलाय पण त्यात क्लॅरिनेटपेक्षा मागच्या रांगेतल्या तिघा मित्रांचा वाटा जास्त असावा, आणि सॉकरची वेळ आडवी आली तर काय करेल देव जाणे. किंकाळ्या बंद झाल्या आहेत हे मात्र खरं, आणि गंमत म्हणजे घर जरा सुनं वाटतं.

ऑगस्टमधे धाकटीचं माप घेतलं तर अर्धा चेलो लहान होत होता. आम्ही तो घेऊन दुकानात गेलो, पाऊण मिळणार होता. काउंटरवरच्या मुलाने केस उघडली, सगळीकडून फिरवून बघितलं, ओरखडे नोंदवले, मग फडक्याने जुन्या चिकटपट्ट्या पुसून काढायला लागला. पहिली निघाली, तिसरी निघाली, आणि तो थांबला. नखाने त्या लाल ठिपक्याला टोचून बघितलं आणि आमच्याकडे बघून विचारलं की हे काय आहे.

मी उत्तर जुळवत होते. बिंदी, म्हणजे कपाळाला, म्हणजे आमच्याकडे.

धाकटी म्हणाली, सेकंड फिंगर.